रंगपंचमीनंतर गाडी काढताना

आमच्या घरी गुरुवारी दोन गोष्टी चुकत नाहीत. संध्याकाळी दत्ताची आरती, आणि ती आटोपली की हवामान खात्याच्या साइटवर जाऊन पुढच्या चार आठवड्यांचे नकाशे बघणं. दुसरी गोष्ट आम्ही ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची राहायची गाडी करून घेतली तेव्हापासूनची. हे चहा घेऊन शेजारी बसतात आणि विचारतात, "मग, निघायचं ना?" मी म्हणते, नकाशाला ते विचारू नका, कुठल्या दिशेला निघायचं ते विचारा. यावर आमचं एक छोटंसं भांडण ठरलेलं असतं.

फेब्रुवारी अर्धा सरला आणि आमच्या इंदूरच्या सराफ्यातला गराडू, म्हणजे थंडीत तळून मिळणारा कंद, दिसेनासा झाला, की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "काकू, मुलांच्या परीक्षा संपल्या की भाड्याची कॅराव्हॅन घेऊन जावं म्हणतोय. २२ मार्चला महेश्वरला हवा कशी असेल?" आता महिनाभर आधी २२ मार्चची हवा सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याला आधी लॉटरीचा नंबर विचारीन. तरी प्रश्न अगदी चुकीचा नाही. २२ मार्चबद्दल कोणी सांगू शकत नसलं तरी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याबद्दल थोडंफार कळतं, आणि गाडीतच राहायचं असेल तर तेवढंही खूप उपयोगी पडतं. हॉटेलात उतरणाऱ्याला दोन अंश इकडेतिकडे झाले तर काही फरक पडत नाही. पत्र्याच्या डब्यात झोपणाऱ्याला पडतो.

आधी गाडीबद्दल थोडं. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. मी विद्युत मंडळातून निवृत्त झाले, हे बँकेतून. गाडी जुनी घेतली आणि देवास नाक्याकडच्या एका मिस्त्रीकडून आतून बांधून घेतली. ट्रॅव्हलर पीथमपूरला बनते, म्हणजे तिचं माहेर आमच्या दारापासून तासाभरावर. सुट्या भागांची चिंता त्यामुळे कधी पडली नाही. एसी लावलेला नाही. छताला आतून रबरी फोमचा थर, वरून पांढरा रंग, दोन सोलर पॅनल, एक छतावरचा पंखा आणि दोन थर्मामीटर: एक बाहेर सावलीच्या बाजूला टांगायचं, एक आत वरच्या बर्थच्या उंचीवर. हे दुसरं थर्मामीटर गाडीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे असं माझं मत आहे. ह्यांचं मत कुकर.

आता त्या नकाशांकडे. हवामान खातं दर गुरुवारी जो विस्तारित अंदाज काढतं तो शुक्रवार ते गुरुवार अशा चार आठवड्यांचा असतो. त्यात रोजचं तापमान नसतं. त्या आठवड्याचं सरासरी कमाल आणि किमान तापमान नेहमीपेक्षा किती वर किंवा खाली राहील, पाऊस नेहमीपेक्षा जास्त की कमी, एवढंच रंगांत दाखवलेलं असतं. यामागची पद्धत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केली. हवेचं आणि समुद्राचं मिळून एक मॉडेल किंचित वेगवेगळ्या सुरुवातीपासून अनेकदा चालवतात. सगळ्या उत्तरांचा कल एकीकडे गेला तर भरवसा जास्त, पांगली तर कमी. इतक्या पुढचं मुळात काही दिसतं, याचं एक मोठं कारण म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत जाणारा ढगांचा पट्टा. तो साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो, आणि तो कुठे आहे त्यावरून आपल्याकडच्या वाऱ्यांचा रोख थोडा आधी समजतो.

माझा अनुभव असा की तापमानाच्या बाबतीत पहिले दोन आठवडे मनावर घ्यावेत, तिसरा ऐकून ठेवावा, चौथा बघावा आणि विसरावा. पावसाच्या बाबतीत दुसऱ्याच आठवड्यापासून हात आखडता घ्यावा. मार्च-एप्रिलचा पाऊस म्हणजे मान्सून नव्हे. दुपारी ढग उठतो, एका तहसिलीला झोडपतो आणि शेजारची कोरडी ठेवतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस खातं मार्च ते मे या सगळ्या उन्हाळ्याचाही अंदाज देतं, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त की कमी ते सांगतं. तो वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली, आणि ती डेन्व्हरच्या भाचीमुळे. तिच्याकडे आरव्ही म्हणजे तिकडची राहायची गाडी आहे, आमच्या गाडीच्या दुप्पट लांब, आत ओव्हन वगैरे. तिने एकदा तिकडच्या हवामान खात्याचा नकाशा पाठवला. कोलोरॅडोवर फिका केशरी रंग आणि "नेहमीपेक्षा उष्ण, शक्यता ४० टक्के". मी म्हटलं, अगं म्हणजे ६० टक्के थंड! ती हसली. हिशेब असा: तीस वर्षांचे तेच महिने घ्यायचे, गरम ते थंड असे ओळीत लावायचे आणि दहा-दहाचे तीन गट करायचे. यंदाचा महिना वरच्या गटात पडण्याची शक्यता काहीच माहीत नसतानाही ३३ टक्के असतेच. नकाशा ४० म्हणतो तेव्हा ३३चे ४० झाले, बस. पारडं जरासं झुकलं. आपल्या खात्याचे हंगामी नकाशेही अशाच तीन गटांच्या हिशेबाचे असतात. ७० टक्के लिहिलेलं दिसलं तर मात्र गंभीर व्हावं. भाचीला त्या ४० टक्क्यांचा फायदा काहीच नाही, कारण डेन्व्हरला मार्च-एप्रिलमध्ये भरपूर बर्फ पडतो आणि उबदार महिन्यातही एक रात्र शून्याखाली गेली की पाण्याचे पाइप फुटतात. महिन्याची सरासरी पाइपाला काय समजणार!

आपल्याकडचं उदाहरण २०२२ आणि २०२३ चं. दिवसाच्या तापमानात २०२२ चा मार्च देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीनेही तसाच विक्रम केला, आणि अखेरीस आलेल्या हंगामी अंदाजातही उष्णतेच्या लाटांची शक्यता वाढलेली दाखवली होती. मागचं वर्ष डोळ्यांसमोर असल्यामुळे ओळखीच्या बऱ्याच जणांनी मार्चचे बेत रद्द केले. आणि मार्चच्या मध्यात काय झालं? पश्चिमेकडून एकामागून एक विक्षोभ, म्हणजे पाऊस आणणाऱ्या हवेच्या प्रणाली आल्या, मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात पाऊस, गारा, आणि हवा अशी की रात्री पांघरूण घ्यावं लागलं. तीन महिन्यांच्या अंदाजावर दहा दिवसांचा बेत मोडू नये, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

मग त्या नकाशाचं करायचं काय? इंदूरहून निघणाऱ्याला चार दिशा आहेत, आणि चारही बाजूंची हवा वेगळी.

मार्चमध्ये इंदूरचं कमाल तापमान साधारण चौतीसच्या आसपास असतं, रात्र सुखाची. शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, उगीच म्हणत नाहीत. पठार साडेपाचशे मीटरवर असल्याचा तो फायदा. महूकडून जाम गेटला जा, कमानीखाली उभं राहा, समोर नर्मदेकाठचं सखल निमाड पसरलेलं दिसतं आणि तिथून खाली उतरलं की खिडकीतून येणारा वाराच बदलतो. महेश्वर जवळजवळ चारशे मीटर खाली आहे. हजार मीटरला साडेसहा अंश असा ढोबळ हिशेब धरला तर नुसत्या उतारानेच अडीच अंश वाढले. म्हणून गुरुवारच्या नकाशात पश्चिम मध्य प्रदेशावर दोन-तीन अंश वरचा रंग दिसला तर मी पठारावरच्या मांडूचा बेत ठेवते आणि महेश्वर-ओंकारेश्वर पुढच्या थंड आठवड्यावर ढकलते. घाटावर संध्याकाळी बसायला छानच आहे हो, पण रात्री दहाला आतलं थर्मामीटर तेहतीस दाखवत असेल तर नर्मदामाईसुद्धा झोप आणू शकत नाही.

नकाशा निळसर, म्हणजे नेहमीपेक्षा थंड असेल तर निमाड उघडं. अशा आठवड्यात सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे असं खाली जायलाही हरकत नाही. एरवी एप्रिल लागल्यावर खानदेश दिवसा ओलांडायचा नाही. पहाटे चारला सेंधवा सोडायचं आणि ऊन चढायच्या आत नाशिकच्या बाजूला चढायचं. जळगाव-भुसावळकडे वळायचं असेल तर आमच्याशिवाय जा.

पचमढीचा हिशेब उलटा. पिपरियापासून वर सातशे मीटरची चढण, म्हणजे चार-साडेचार अंशांची सूट. तापलेल्या आठवड्यात मी तिकडे बोट दाखवते. तोरणमाळही उंचीला चांगलं, अकराशे मीटरच्या वर, पण घाटातली वळणं बघून ह्यांचा चेहरा जसा होतो ते पाहता मी फार आग्रह करत नाही.

कोकणाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. समुद्र आहे म्हणजे मार्चमध्ये बरं असेल. मुंबईचा मार्चमधला उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा, आणि तो मुंबईत मे महिन्यात सहसा दिसतच नाही. जमिनीवरून येणारं पूर्वेचं कोरडं वारं जोरात असलं की समुद्राकडचं वारं अडून राहतं. एरवी अकरा-बाराला सुटणारी झुळूक दोन वाजले तरी येत नाही, तोवर किनारा भाजून निघतो. हे महिनाभर आधी कळत नाही, पण तीन-चार दिवस आधी वाऱ्याची दिशा बघून कळतं. लाटेचे निकषही त्यामुळे वेगळे आहेत: मैदानात कमाल तापमान निदान ४०, डोंगरात ३० आणि किनाऱ्यावर ३७ झालं, आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर असलं, की खातं लाट म्हणतं. किनाऱ्यावरचे ३७ आणि धारचे ३७ यांत केवढा फरक असतो ते गाडीत झोपून बघा. धारला पंख्याखाली ओला पंचा पांघरला तरी काम भागतं. गुहागरला पंचा वाळतच नाही.

आता गारपीट. आम्हा मालव्यातल्या माणसांना मार्चमध्ये उन्हापेक्षा याची धास्ती जास्त, आणि गाडीवाल्यांनी यावर जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले विक्षोभ हिमालयाकडे जातात, पण कधीकधी त्यांच्या प्रभावाने राजस्थानवर वाऱ्याचं चक्र तयार होतं. ते अरबी समुद्राकडून ओलावा ओढतं, वर थंड हवा आणि खाली तापलेली जमीन, आणि दुपारी तीननंतर तमाशा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात झालेली गारपीट अजून शेतकरी विसरलेले नाहीत.

पाडव्याच्या सुमाराला एकदा आम्ही धारच्या अलीकडे होतो. गुरुवारच्या नकाशात त्या आठवड्याला पावसाचा रंग होताच, आदल्या दिवशी जिल्ह्याला पिवळा इशाराही लागला. म्हणून मांडूला झाडाखाली मुक्काम करायचा तो बेत बदलून आम्ही हमरस्त्यालाच राहिलो. दुपारी दामिनी ॲपवर चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसायला लागल्या, मग वीसच्या. तापलेलं पश्चिमेचं वारं एकदम थांबलं. दोन मिनिटं पान हललं नाही, आणि समोरून गार, मातीचा वास असलेला झोत आला. हा झोत आला की पंधरा-वीस मिनिटं हातात असतात, जास्त नाही. पेट्रोल पंपावरचा पोरगा स्वतःच ओरडला, "अंकलजी, अंदर ले लो, बादल भूरे हो रहे हैं!" ढगाला खालून मळकट हिरवट-तपकिरी झाक आली होती. आम्ही पंपाच्या छताखाली गाडी घेतली, मागचा हातभर भाग बाहेर राहिला.

पुढची दहा मिनिटं एकमेकांचं बोलणं ऐकू आलं नाही. बोराएवढ्या गारा, पत्र्यावर. लोकांना वाटतं पॅनलची काच जाईल, पण चांगल्या पॅनलची चाचणीच २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने मारून केलेली असते. बोराला ती दाद देत नाही. फुटतं ते छतावरच्या पंख्याचं प्लास्टिकचं झाकण, आणि ते फुटलं की पाणी थेट गादीवर. आमच्याकडे त्यासाठी एक जुनी जाड गोधडी आणि दोन दोऱ्या दाराशीच ठेवलेल्या असतात. झोत आला की हे शिडीवर, मी खालून गोधडी वर फेकते, दोऱ्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना. तेवढं केलं आणि शिडी आत घेतली की दार लावून गप्प बसायचं. गाडी पूर्ण पत्र्याची असेल तर विजेपासून आत बऱ्यापैकी सुरक्षित असता, धातूला हात लावू नका एवढंच. वरचा डबा फायबरचा असेल तर तो भरवसा धरू नका, पक्क्या इमारतीत जा. आणि झाडाखाली कोणीच थांबू नका, मग सावली कितीही गोड असो.

बाहेरचं थर्मामीटर चौतीसवरून एकोणीसवर आलं होतं. सकाळी शेजारच्या शेतातला गहू आडवा झालेला दिसला, कापणी चार दिवसांवर आलेली. एक रात्र खराब झाली म्हणून कुरकुरायला मग तोंड उरलं नाही.

विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचं वारं येतं आणि दोन-तीन दिवस किमान तापमान चांगलं खाली राहतं. हे दोन-तीन दिवस म्हणजे मालव्यातल्या वसंतातले सगळ्यात सुंदर दिवस. आकाश धुतलेलं, रात्री पांघरूण, सकाळी साडेदहापर्यंत बाहेर बसून पोहे. ज्यांना तारीख हलवता येते त्यांनी पावसाच्या इशाऱ्याने बेत रद्द करू नये, दोन दिवस पुढे ढकलावा.

उन्हाबद्दल दोनच गोष्टी. बंद गाडीत दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बारा-बारा अंश वर गेलेलं मी आतल्या थर्मामीटरवर पाहिलं आहे, आणि छत संध्याकाळी सातपर्यंत ती उष्णता परत देत बसतं. म्हणून अंदाजात कमाल तापमानाइतकंच किमानही बघा. किमान पंचविसाच्या वर जायला लागलं की एसीशिवाय झोपेचा भरवसा नाही. दुसरं, ऊन जास्त म्हणजे सोलरची वीज जास्त हाही भ्रम आहे. पंचवीस अंशांच्या वर पॅनलचं तापमान जसं चढतं तशी दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनल पासष्ट अंशांला गेलं तर बारा-पंधरा टक्के गेलेच. मंडळात आयुष्य काढल्यामुळे मला याचा फार राग येतो. टायरची हवाही सकाळी थंड असतानाच बघायची. साठ पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंशांना दोन-अडीच पीएसआय वाढतातच, ते पाहून दुपारी हवा काढू नका.

वाऱ्याचा इशारा असेल तेव्हा खलघाटचा नर्मदेवरचा पूल आणि उड्डाणपूल जपून. आमच्यासारखी उंच गाडी बाजूच्या झोताने हातभर सरकते, ट्रक ओलांडून पुढे आल्यावर तर नक्कीच.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाल्याशिवाय आम्ही इंदूर सोडत नाही. राजवाड्यावर गुलाल उडत असताना मांडूत बसून काय करायचं? आणि एप्रिलचा मध्य आला की गाडी शेडमध्ये. या मधल्या थोड्या आठवड्यांतच सगळं बसवायचं, म्हणून तर हा गुरुवारचा उद्योग. हे दरवर्षी मे महिन्यात हिमाचल म्हणतात. तिथे पोचल्यावर थंड असेल, कबूल, पण आधी कोटा, जयपूर, अंबाला हे सगळं पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या डब्यातून ओलांडायचं कोणी? त्यांनी रेल्वेने जावं, मी डबा देईन.

शेडमध्ये ठेवताना पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा आणि झाकण उघडं ठेवा. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून उन्हाळाभर ठेवू नका, निम्म्यावर ठेवून सोलरचं कनेक्शन काढा. आणि बाथरूमच्या मोरीत दर पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी ओतत राहा, कारण आतल्या वाकड्या पाइपातलं पाणी मेमध्ये आटतं, आणि मग गाडीचं दार उघडल्याबरोबर वासानेच माणूस परत फिरतो.